पाहुण्यांचं रजिस्टर

रजिस्टर माझ्याकडे असते.
माझं अक्षर बरं आहे
आणि गटात दहावी पास मी एकटीच.
नाव, गाव, मोबाईल, किती जण, अभिप्राय.
पहिल्याच पानावर साहेबांची सही,
खाली त्यांच्याच हातचं :
निसर्गरम्य. मच्छरदाणी द्यावी.

आमच्या गावाला समुद्र नाही, तलाव आहे.
साहेबांच्या फाईलीत तो जलाशय क्रमांक सात.
पाळीवरच्या निळ्या पाटीवर वारसा स्थळ,
खाली मालगुजाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव,
आणि खोदणाऱ्यांच्या जागी
पाटी घट्ट बसवायला दोन नटबोल्ट.

मनसाराम वलथरेला नारंगी जॅकेट मिळालं.
चाळीस वर्षं तो डोंग्यात उघड्या अंगानं उभा राहिला.
आता नियमानं बसतो,
आणि बसून बांबू टेकवणं त्याला जमत नाही.
माणशी पन्नास म्हण, मी दहादा शिकवलं.
"म्हनतो ना वो," म्हणाला,
आणि पहिल्याच पाहुण्याला म्हणाला,
"द्या जी, काय द्याचं ते."

संस्थेची मीटिंग झाली, ठराव झाला :
शनिवार-रविवार जाळं टाकायचं नाही,
फोटोत कमळं मोकळी दिसली पाहिजेत.
मासोळीला कुठं वार कळते.
सोमवारी सगळे दुप्पट जाळी घेऊन उतरतात
आणि पाळीवरच भांडतात.

एक जुनं जाळं ग्रामपंचायतीनं विकत घेतलं,
पाहुण्यांच्या खोलीत भिंतीवर ताणलं,
आत दिव्यांची माळ सोडली.
विणलं होतं मनसारामच्या मायनं, भागरताबाईनं.
तिला आता दिसत नाही, हातानं चाचपून बघितलं, म्हणाली,
"भिंतीवर काय सापडते गा?"

खोली आमचीच.
पाहुणे असले की आम्ही सांदवाडीत झोपतो.
पैसा येतो, खोटं कशाला बोलू.
दोन संडास झाले, शिवणमशीन आली,
बारस्कराची रोशनी नर्सिंगला गेली,
फोनवर आता "अगं" म्हणते.
पाहुण्यांना तलावातलीच मासोळी पाहिजे,
तिखट नको, काटे तर अजिबात नको.
मी काटे काढत बसते रात्री,
दिव्याच्या माळेखाली.

पूस महिन्यात एक अख्खा आठवडा कोणीच आलं नाही.
भागरताबाई माझ्याजवळ येऊन बसली.
"तुह्या वहीत पान्याचे नावं हायेत का?"
पाण्याचं कसलं नाव?
तिनं हात पुढे केला, जणू समोर तलाव दिसतो.

बांबू उतरला की हाताला गार लागते, तो गारडोह.
मोती बैल बुडाला, ते मोतीपानी.
धुक्यात डोंगा आपल्याच भोवती फिरतो, ती इसरभूल.
सिंगाडे काढता काढता तिची सासू बाळंत झाली,
तो पोट्टेखूट,
"आनि तो पोट्टा मंजे माहा नवरा."
बोलताना हसली, मग बराच वेळ बोललीच नाही.

मी वही उलटी केली,
मागच्या पानापासून लिहायला लागले.
सत्तावीस नावं.
दोन तिला आठवली नाहीत,
त्यांच्या जागा सोडून ठेवल्या.

काल पुण्याचे चौघं आले.
डोंगा निघाला तेव्हा मी पाळीवर होते,
आवाज पाण्यावरून स्वच्छ येतो.
एकानं कॅमेरा खाली घेतला, विचारलं,
"काका, किती खोल आहे तलाव?"

मनसाराम उठून उभा राहिला, जॅकेटसकट.
डोंगा थोडा हलला.
बांबू हातात धरून त्यानं पाण्याकडे बघितलं,
मग पाहुण्याकडे,
आणि खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखं विचारलं,
"कोठी, जी?"