पुन्हा

मार्चमध्ये ऑर्व्हिलच्या हृदयाने इशारा दिला,
त्याने खुर्ची सोडली,
आणि तीन कमिशनरांनी कोर्टाच्या तळघरात,
कॉफीचं यंत्र गुरगुरत असताना,
माझ्यासाठी हात वर केले.
खरं तर दोन हात. तिसरा, मला अजून वाटतं,
चष्मा सावरायला उठला होता.

अशी मी या कौंटीची सरकारी वकील झाले.
गहू, मसूर, पुन्हा गहू, मधून नव्वद मैल रस्ता,
आणि त्यावर घडेल तो गुन्हा माझा.
न वटलेले चेक. ट्रॅक्टरमधून चोरलेलं डिझेल.
बायकोच्या बोटांवर लावून घेतलेलं दार.
‘लोकांच्या वतीने’ म्हणत मी उभी राहायचे,
चौदा महिने,
आणि लोकांना माझ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

आता नोव्हेंबर येतोय.
नेमणूक, निवडणूक:
यमक जुळतं, बाकी सगळं दारोदार जाऊन जुळवायचं.
समोर उभा आहे बिलिंग्जहून परतलेला एक तरुण.
दात छान आहेत त्याचे.

पाट्या आल्या, निळ्यावर पांढऱ्या पट्ट्यात अक्षरं:
मार्नी स्टेनरूड यांना पुन्हा निवडून द्या.
छापणाऱ्याचा दोष नाही, त्याच्याकडे साचा तोच.
डेल म्हणाला, राहू दे गं,
मुरलेली वाटतेस त्याने.
पण मी एका पोराला सहा महिने आत पाठवलंय
डॉक्टरच्या चिठ्ठीवर एक शून्य वाढवलं म्हणून.
एका शून्याला सहा महिने,
तर एका शब्दाला किती?

दोनशे पाट्या.
स्वयंपाकघराच्या फरशीवर मी, कात्री आणि पांढरी चिकटपट्टी.
रात्री दोनला डेल खाली आला, मुकाट बसला,
आणि कात्री मी वापरत होते म्हणून
पट्टी दातांनी तोडून देऊ लागला.

लूआन ब्रेकीचं घर मी शेवटपर्यंत टाळलं.
तिच्या मधल्या मुलाला चार वर्षं झालीत.
मी पाच मागितली होती.
ती पायरीवर बसून पत्र्याच्या ताटात मसूर निवडत होती,
घरच्या शेतातला, खड्यांसकट.
मी पत्रक खिशातच ठेवलं.
तिने ताट थोडं माझ्याकडे सरकवलं.

संध्याकाळ होती. खडा आणि मसूर
एकाच रंगाचे व्हायला लागले होते.
मी दोनदा चांगला दाणा फेकला,
तिने तो उचलून परत टाकला, काही न बोलता.

मग म्हणाली,
‘कोडीला तू नेलंस तेव्हा मी भांडायला कुणाकडे जाणार होते?
तुला आणलं तिघांनी.
त्यातला एक माझा चुलतभाऊ,
तो म्हणतो, माझा हात वर नव्हताच.’
ताट झटकलं तिने. फोलपटं उडाली.
‘या खेपेला मत देणार आहे.
कुणाला, ते सांगणार नाही.
पण तू आलीस तर मग माझी असशील,
बरी की वाईट.
फोन करून शिव्या घालता येतील.’

मी नंबर दिला. ऑफिसचा नाही, घरचा.

काल हायवेवर धान्याच्या कोठाराजवळ
माझीच एक पाटी दिसली. वाऱ्याने पट्टी सुटली होती,
अर्धी फडफडत होती, आणि खालून डोकावत होता
फक्त ‘पु’.
गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.
पट्टीचं रीळ आता नकाशाच्या कप्प्यातच असतं.
गुरांनी भरलेला एक ट्रक हॉर्न देत गेला,
ओळखून, की रस्त्यातून हटावं म्हणून,
कळलं नाही.
पट्टी नीट बसली.
तरी मी अंगठा तिथे दाबून
बराच वेळ उभी राहिले.