खडूची खूण

उदगीरच्या आमच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावर,
फिजिक्सच्या लॅबमध्ये भिंतीला एक चाक आहे.
बिडाचं. सतरा किलो. उचललंय, म्हणून सांगतो.
बावीस वर्षं त्याच्या बेअरिंगला तेल मीच घालतो
आणि सर शिकवतात ते ऐकतो.
तेल घालायला कान लागत नाहीत.

पोरं आसाला दोरी गुंडाळतात, टोकाला वजन.
सोडलं की वजन खाली, वाळूच्या घमेल्यात धप्प.
प्रयोग संपला, असं नव्या पोरांना वाटतं.
मुदखेडकर सर ओरडतात, "आता मोजा! आता!"
दोरी सुटलेली, ओढणारं कुणी नाही,
आणि चाक आपलं फिरतंय,
पाहुणे रिक्षात बसले तरी
दारात उभं राहून बोलत राहणाऱ्या
आमच्या सासऱ्यासारखं.

टॉर्क मला दारानं शिकवला.
दोन्ही हातांत काचेची भांडी, म्हणून खांद्यानं ढकलायचं.
बिजागरीजवळ ढकललं, तर ढिम्म.
कडीजवळ नुसता टेकलो, तर करकरत उघडलं.
तेच दार, तोच खांदा.

पण मोमेंट ऑफ इनर्शिया!
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, गोळीचं नाव असंल,
जेवणानंतर एक.
सर म्हणले, वजन किती, हे अर्धंच झालं.
वजन कुठं आहे ते विचारा.
आसापासून दुप्पट लांब, तर चौपट हट्टी.
मान हलवली मी. कळलं काही नाही.

मग ते वर्ष आलं, नळ नुसते खाकरायचे.
टँकर खाली गेटवर, लॅब वर.
मी बांबूला दोन कॅन अडकवून जिना चढायचो.
कॅन अंगाशी घेतले की वळणावर सुखानं वळता यायचं.
बांबूच्या टोकांना सरकवले
तर आधी वळायला तयार नाहीत,
आणि वळले की थांबायला तयार नाहीत.
मी थांबलो तरी कॅन पुढं निघालेले,
मला घेऊन, भिंतीकडं.
पाणी तेवढंच होतं. एक थेंब वाढला नव्हता.
तिथंच, जिन्याच्या वळणावर, कोपर सोलपटून,
मला तो वर्ग कळला. वर्ग म्हणजे स्क्वेअर.

फेऱ्या मोजायला चाकाच्या कडेला खडूनं खूण करतात.
एका फेरीत ती खूण दोन हात पळते,
आसाजवळचा गंजाचा ठिपका बोटभर सरकतो.
सर म्हणतात, कोनीय वेग दोघांचा एकच.
असंल.
पगाराची तारीखही प्राचार्यांची आन् माझी एकच आहे.

एक पोरगी होती, तहसीन. जळकोटहून एस्टीनं यायची.
तिची रीडिंगं कुणाशी जुळायची नाहीत,
कारण ती खरंच मोजायची.
सर फोनवर बाहेर गेले, तसं मला विचारलं,
"काका, कडंला जास्त पळतं, आत कमी,
आणखी आत आणखी कमी.
मग अगदी मधी काय होतं?"
काय सांगणार? म्हणलं, "मधी तेल असतंय, बाई."
पोरं हसली.
ती हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं,
तेल लिहिलं का आणखी काय, मी पाहिलं नाही.

परवा प्रॅक्टिकलं संपली. लाईट गेलेली.
वर पंखा अजून फिरत होता,
त्याला उशिरा कळतं.
झाकायच्या आधी मी ओल्या फडक्यानं चाक पुसलं,
खडूची खूणही गेली.
मग उगाच, दोरी न लावता, हातानं एक हिसका दिला.
आणि गंमत बघा,
खूण नाही, तर फिरतंय का उभं आहे, काही दिसेना.
कड गुळगुळीत, काळी, जागच्या जागी.
आसाजवळच्या गंजाच्या ठिपक्याकडं बघायचं सुचलंच नाही.

बोट लावलं.
गार लोखंड बोटाखालनं जात राहिलं,
जात राहिलं.
मी मोजायला विसरलो.