सात ते दहा

कुंकळ्ळीच्या सबस्टेशनात
काटा चढत जातो. सात बावीस.
भट्टीवाल्या तिळव्याला फोन लावतो,
"अर्धा तास कमी कर रे."
"पोलाद अर्ध्यात थांबत नाही, बाब.
भट्टीतच गोठलं तर तू येणार फोडायला?"

मग उरतात घरं.
कुणाचा पंप, कुणाचा एसी,
फिलोमेनाचा खोबरं वाटणारा मिक्सर,
तावेर्नातला कण्हणारा फ्रीज.
एकेकटे सगळे निरपराध.

फीडर तीन. त्यावर माझंही घर.
इस्त्री दहानंतरच, हा नियम मीच केलेला,
शेवंती तो पाळते,
चुरगळलेले युनिफॉर्म खुर्चीवर ठेवून.

बटण दाबतो.
टेकडीपलीकडचे दिवे जातात,
भट्टीचा लाल उजेड तसाच.

खिशात फोन थरथरतो. घरचा.
आधी वहीत लिहितो:
सात एकतीस. भार आटोक्यात.