पुढचं झाकण

रेट उतरला म्हणून गेलो बघायला.
गेल्या दिवाळीत हीच विजेची गाडी दोन लाखांनी जास्त होती,
बॅटरी लहान, मागची सीट ताठ,
आणि आमच्या खात्यातल्या नेताजी हलगेकरानं तेव्हाच घेतली.
हल्ली तो डबा एकटाच खातो.

शोरूम खानापूर रोडला. पाटी कन्नड, काच चकचकीत.
इराण्णा नावाचा पोरगा, टाय जरा तिरका,
"नोड्री सर, रेट कडिमी आग्याद," म्हणाला
आणि माझं तोंड बघून लगेच आमच्या भाषेत आला:
"स्वस्त झालीया की ओ, घ्या की."

मी आधी पुढचं झाकण उघडायला लावलं.
सव्वीस वर्षं उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासतो मी.
दहा मायक्रॉन चुकलं तर आधी बोटाला कळतं, गेजला मग.
कुठल्याही गाडीचं झाकण उघडलं
की आत माझ्या ओळखीचं कुणीतरी असतं.
इथं प्लॅस्टिकचा एक टब होता.
"सामान ठेवायला," इराण्णा म्हणाला.
कोपरापर्यंत हात घातला मी, उगाच,
सोयऱ्यांच्या घरी गेल्यावर
वारलेल्या माणसाची खुर्ची नजरेनं शोधावी, तसा.

मालन तोवर आत बसली होती,
चप्पल बाहेर काढून.

एक चक्कर मारली, मच्छ्यापर्यंत.
सिग्नलला मी विचारलं, "बंद पडली काय?"
"चालूच हाय, सर."
कारखान्याचं गेट बाजूनं गेलं. मी मान वळवली नाही.

हिशेब मनातच करायचा होता, तोंडातून सांडत गेला:
तेजूचं कॉलेज कोल्हापूरला, जाऊन-येऊन सव्वादोनशे.
कागदावर गाडी तीनशे चालते,
कागदावर आम्हीही सगळे सुखी.
तवंदीचा घाट चढताना आकडा भराभर पडणार.
"खरं उतरताना थोडं परत मिळतंय," इराण्णा म्हणाला.
उतरताना परत. आमच्या गुडघ्यांना कुणीतरी सांगा.
निपाणीला चार्जर आहे, दोन नळ्या,
त्यातली एक सदा आजारी.
मजगावात घर भाड्याचं, मीटर मालकाचं,
रात्री वायर खाली सोडली
तर तो युनिट मोजत जिन्यात उभा राहील.
आणि पुढल्या दिवाळीत अजून उतरली तर?
मग मीही डबा एकटाच खायचा काय?
"महाग हाय," मी पुटपुटलो.

"काय महाग हाय?" मागून मालन.

मी आरशात बघितलं.
वडगावच्या मागांवर अकरा वर्षं काढलेली बाई,
डावा कान मागांनी ठेवून घेतला,
उजवा अर्धा परत दिला.
पुटपुटलेलं तिला ऐकू येऊन किती वर्षं झाली?
आमच्या घरात गोड शब्दसुद्धा ओरडूनच बोलतात,
शेजाऱ्यांना वाटतं, रोजचं भांडण.

"तुला ऐकू आलं?" मी. नेहमीसारखा, मोठ्यानं.
"ओरडताय कशाला," ती म्हणाली.

परत येईपर्यंत हळू बोललो आम्ही.
कांद्याचा भाव. तेजूच्या हॉस्टेलचा पंखा.
तिच्या भावानं चंदगडला घेतलेली म्हैस, ती आटली ते.
इराण्णा खिडकीबाहेर बघत बसला,
शहाणा पोरगा.

उतरताना मी एवढंच विचारलं,
बुकिंगचे अकरा हजार परत मिळतात काय.
"आठ दिवसांत सांगितलं तर मिळतात की."

सोमवारी पहिली शिफ्ट.
रॅकवर तीस शाफ्ट असायचे, एकोणीस होते.
एकेक उचलला, घासला,
दहाव्याला गेज लावलाच नाही, बोट फिरवलं फक्त.
पावती वरच्या खिशात होती, तेल लागू नये म्हणून.
आठांतले दोन दिवस गेले होते.
जेवणाच्या सुट्टीत डबा उचलला
आणि नेताजीच्या बाकावर जाऊन बसलो.
"घाटात खरं किती परत मिळतंय रे?" विचारलं.
त्यानं भाकरी मोडली, अर्धी माझ्याकडे सरकवली,
आणि बोलायला लागला.