डावीकडचा बैल

पहाटे आधी चूल बोलते.
ओलं लाकूड कुरकुरत पेटतं,
लोखंडी झाकण तापतं, मग किटलीला कंठ फुटतो.
मी दुधी पेल्यात येर्बाची पानं टाकते
आणि खिडकीची वाफ बाहीनं पुसून बघते
आज समुद्र कुठवर गेलाय.
घड्याळ आहे भिंतीवर, पण ऐकायचं ओहोटीचं.
पाणी सहाला उतरलं तर सहाला निघायचं,
मध्यरात्री उतरलं तर कंदील घेऊन.

रोसामेल सात दिवस सामन माशांच्या पिंजऱ्यांवर,
सात दिवस घरी.
हे सात तिकडचे.
म्हणजे कोंबड्या माझ्या, अकरा मेंढ्या माझ्या,
त्यातली लंगडी तर फारच माझी,
कुंपणाची निखळलेली फळी माझी,
आणि क्लावेल.

क्लावेल डावीकडचा बैल.
उजवीकडचा फ्लोरिदो मार्चमध्ये विकला.
घेणाऱ्यानं टेबलावर पैसे दोनदा मोजले,
आणि दुसऱ्या दिवशी तेच पैसे
बोटीत बसून पलीकडे गेले, पुएर्तो मोंतला,
यास्नाच्या नर्सिंगच्या फीसाठी.
वाईट नाही वाटलं.
वाटलं, पण बटाटे काढायचे होते.

तेव्हापासून क्लावेल फाटकाशी
डावीकडेच सरकून उभा राहतो.
उजवीकडे एका बैलाची जागा.
तिथं पाऊस पडतो, बाकी काही नाही.

आता ऑगस्ट. सऱ्यांना शेवाळ हवंय.
परवाच्या वाऱ्यानं किनाऱ्यावर ढीग लावलेत,
तपकिरी, चिवट, चामड्याच्या वादीसारखं लांब,
शिंपल्यांचे तुकडे पोटाशी धरलेलं.
ते मातीत कुजलं की बटाटा
आतून जांभळा निघतो, तोंडात पिठूळ.

आर्तेमिओ वेंचूर त्याचा बैल घेऊन आला.
शेवाळ निम्मं त्याचं, निम्मं माझं. बोलणं एवढंच.
आम्ही जू आणलं, शिंगांना वादी गुंडाळायला घेतली,
तेव्हा कळलं,
त्याचाही बैल डावीकडचा.

दोघंही डावीकडे जायला बघतात.
एकाला उजवीकडे ओढावं तर तो मागून वळसा घालून
पुन्हा डावीकडे हजर.
आर्तेमिओनं शिव्या दिल्या, आधी बैलाला,
मग त्याच्या आईला, मग सरकारला.
मी हसले. तो नाही हसला.
मागं पाणी परत फिरलं होतं,
खडकांच्या फटीत गुळगुळ वाजायला लागलेलं.

शेवटी क्लावेलला उजवीकडे बांधला.
माझाच, म्हणून.
तो चालला, पण असा,
कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखा,
मान वाकडी, दर चार पावलांना थांबत.
लाकडी घसरगाडीची रेघ वाळूत नागमोडी उमटली.
तीन खेपा ठरल्या होत्या, दीड झाली.
अर्धी खेप तर आम्ही दोघांनीच
टोपल्यांतून वर चढवली, गुडघाभर पाण्यातून,
आणि बैल वरून बघत होते.

संध्याकाळी मेंढ्या आत,
बदकं आत, एक बदक मोजणीत कमी,
ते चुलीमागं सापडलं, पाहुण्यासारखं बसलेलं.
बुटात लाकडाचा भुसा भरून ठेवला.
फोनवर रोसामेल म्हणाला, झालं का शेवाळ?
म्हटलं, दीड.
तो म्हणाला, दीड कसं काय?
म्हटलं, आल्यावर सांगते, याला तोंड लागतं.

दिवा घालवला.
पलंगावर नेहमीसारखी भिंतीकडे पाठ टेकवली
आणि थोड्या वेळानं लक्षात आलं
की मी कुणासाठी तरी जागा सोडलीये.
उठले. मधोमध झोपून बघितलं.
बरं नाही वाटलं, पाय कुठं ठेवावेत कळेना,
पण पांघरूण दोन्ही बाजूंनी पुरलं.

बाहेर क्लावेलनं एकदा जमिनीवर खूर आपटला.
पहाटे चारला पाणी उतरणार होतं.