उकिडवं

उपकेंद्राच्या रजिस्टरात आजचं आसन: मलासन.
सर्जेकोटच्या जेटीवर मी चटई अंथरली
आणि पाठ केल्यासारखं सांगू लागले,
पाय खांद्यांहून जरा रुंद, चवडे बाहेर,
श्वास सोडत खाली बसा,
टाचा जमिनीला, कोपरं गुडघ्यांच्या आत,
हात छातीशी जोडलेले.
खुबे मोकळे होतात, कंबर सैलावते,
पोट साफ राहतं.

समोर अकरा बायका
पहाटे चारपासून तशाच बसलेल्या,
बांगड्यांच्या राशीभोवती.
हात तेवढे जोडलेले नव्हते,
त्यांना काम होतं.

हसल्या. रागानं नाही.
खापीचे पर उडवत मथूकाकी मेतर म्हणाली,
"गो बाय, तू माका बसूक शिकवतंस?"

मग मी बसून दाखवायला गेले.
बाकावरची, खुर्चीवरची सगळी वर्षं
पोटऱ्यांतून ओरडली.
टाचा उचलल्या, तोल गेला,
टेकले ती थेट बर्फाच्या चुऱ्यात.

पोटुशी असाल तर आधाराशिवाय नको,
हेही सांगायचं होतं मला.
पण सातव्या महिन्यातली फुलन
आधीच खांबाला पाठ लावून बसली होती,
ढुंगणाखाली जाळ्याचं बोचकं.

आणि मथूकाकी? ती उलट्या क्रेटवर,
उजवा पाय लांब,
गुडघा शहाळ्याएवढा.
"चाळीस वर्सां बसलंय.
आता बसलंय तर उठूक गावत नाय."

माझ्या पुस्तकात हे तळाला होतं, बारीक टाइपात:
गुडघेदुखी असल्यास टाळावे.
टाळून मग काय करावे
त्याला जागा पुरली नसावी.
इकडे लिलावाची बोली
बावीसशेवरून चोवीसशेवर गेली.

काकीनं ओलं गोणपाट घेतलं, चौघडी केली,
लांब पायानंच सारलं माझ्या टाचांखाली.
"आता बस."
बसले.
मांड्यांत कळ आली, मग थोडी विरली,
कमरेतलं काहीतरी
भरतीला होडी सुटते तसं सुटलं.

"उठताना घाय करू नको गो.
आधी हात टेक, मगे येक पाय.
माजी घायच नडली,
टोपली डोक्यार, आणि गिऱ्हाईक हाक मारता."

रजिस्टरात लाभार्थींच्या रकान्यात
मी एक लिहिलं.
पान उलटलं तर कडेला खवला चिकटलेला,
नखानं निघेना.

निघताना मागून आवाज आला,
"मंगळवारी चटई हाडू नको.
क्रेट हाड. दोन.
फुलनीकपण लागतलो."