बारा अंशांचं वळण

बर्नो शहरात, खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
द्राहोमिरा ओ काढते आहे.
आज नऊ दिवस झाले.

मोटारसायकलवाल्यांना नवं वळण हवं होतं,
टाकीवर शोभेल असं, रुंद, जाड, पुढे झुकलेलं.
"गाडी उभी असली तरी अक्षर पळालं पाहिजे,"
म्हणाले साहेब,
आणि स्वतः खुर्चीत मागे रेलले.

तिलाही आधी सोपं वाटलं.
सरळ अक्षर घ्यायचं, बारा अंश ढकलायचं.
पण ढकललेला ओ पळत नाही,
पडतो.
एका खांद्याला सूज, दुसऱ्या कुशीत खड्डा,
रात्रभर एकाच अंगावर निजलेल्या माणसाच्या तोंडासारखा.
मग पात्याने खरवड, पांढरा रंग, वाळू दे, परत काळा.
इथून केसभर, तिथून अर्धा केस.
दिवसाला फार तर एक बाजू.

एचच्या पोटातून तिने तीन फटी ओढल्या,
वाऱ्याने ओरबाडल्यासारख्या.
साहेब खूश.
दुसऱ्या दिवशी तिनेच दोन बुजवल्या.

खरी पंचाईत पुढेच होती.
त्यांच्या भाषेत एका आरच्या डोक्यावर
इवलंसं पाखरू बसतं,
आणि त्याचा उच्चार परक्या जिभेला जन्मात साधत नाही.
दोनशेच्या वेगात हे पाखरू बसवायचं कुठे?
मागे सरकवलं तर टोपी उडाल्यासारखं.
पुढे ओढलं तर अक्षर तोंडावर आपटतं.

रविवारी ती शर्यतीच्या रस्त्यावर गेली.
सफरचंदाच्या झाडाखाली, नेमकी वळणावर.
गाड्या तिने पाहिल्याच नाहीत.
पाहिले स्वार:
हनुवटी टाकीला टेकलेली,
शिरस्त्राण पाठीच्या रेषेत,
डोकं वेगळं असं उरलेलंच नाही.
सोमवारी तिने खूण खाली दाबली,
आरच्या कपाळाला चिकटेल इतकी.
बसली.

त्याच महिन्यात ती मोटारसायकल रद्द झाली.

वळण कपाटात गेलं, क्रमांक चौऱ्याहत्तर ब.
सहा वर्षांनी ते मागून नेलं
एका गावच्या सहकारी बेकरीने.
बेकरीला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे
त्यात तो आर होताच.
पावाच्या गाडीवर, दोन्ही अंगांना, लाल रंगात
जगातली सगळ्यात घाईची अक्षरं.
गाडी चाळीसच्या वर कधी गेली नाही.

आता ती गाडी गोदामामागे,
चाकं बसलेली, खाजकुयली दारापर्यंत.
अक्षरं अजून बारा अंशांत.
द्राहोमिरा बहिणीकडे आली की तिकडून जाते,
पिशवी खाली ठेवते,
एक डोळा मिटते.

ओचा डावा खांदा
अजून केसभर जड आहे.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून
ती नखाने खरवडते.
रंग निघतो. थोडा.